दोर्दोन्य आणि लॉतची खोरी: कनू, पायवाटा, जेवण आणि काऑरची वाइन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोर्दोन्य आणि लॉत हे नैऋत्य फ्रान्समधले शेजारी-शेजारी असलेले दोन जिल्हे. दोघांनाही नाव मिळालंय ते त्यांच्यातून वाहणाऱ्या नद्यांवरून. जेवणाच्या पाट्यांवर मात्र पेरिगोर आणि केर्सी ही जुनी प्रांतनावंच जास्त दिसतील, भाग तोच. खालची उत्तरं महाराष्ट्रातून आठवडाभरासाठी जाणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत.

कोणत्या महिन्यात जावं?

मे-अखेर ते जून, किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन ३५ अंशांच्या वर जाऊ शकतं, नदीवर कनूंची, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होड्यांची, रांग लागते आणि दोर्दोन्यमधल्या सार्ला गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. एप्रिलमध्ये गर्दी नसते, पण पाऊस झाला असेल तर नदीला पाणी जास्त असतं आणि कनूवाले त्या दिवशी बोटी सोडत नाहीत. ऑक्टोबरात अक्रोड पडतात, द्राक्षमळे लाल होतात, पण मधल्या आठवड्यात निम्मी हॉटेलं बंद. हिवाळ्यात जाण्याला एकच सबळ कारण आहे, ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी. त्याबद्दल पुढे.

पॅरिसहून कसं पोहोचायचं? गाडी भाड्याने घ्यावीच लागते का?

दोन मार्ग आहेत. पॅरिसच्या ओस्तेरलित्झ स्टेशनवरून ब्रीव्ह, सुयाक, गुर्दों करत लॉतमधल्या काऑर शहराला थेट गाडी जाते. साधारण सव्वापाच तास धरा. दुसरा मार्ग मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या अतिवेगवान रेल्वेने दोन तासांच्या आसपास बोर्दो आणि तिथून बेर्जराकमार्गे सार्लाला जाणारी प्रादेशिक गाडी, आणखी पावणेतीन तास.

स्टेशनवर उतरल्यावर गाडी हवीच. गावागावांतल्या बस शाळेच्या वेळेप्रमाणे धावतात, त्या पर्यटकासाठी नाहीतच. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून आधीच काढून घ्या. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, त्यामुळे बुकिंग करतानाच तसं नोंदवा. उजव्या बाजूने चालवायचं आणि गिअरही उजव्या हाताने बदलायचे, हे दोन्ही एकदम शिकायला अरुंद गल्ल्या ही चांगली जागा नव्हे.

नवख्यांना दोन नियम हमखास नडतात. लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी लागली की वेगमर्यादा ५०, मग आकडा वेगळा लिहिलेला असो वा नसो. आणि ज्या चौकात कोणतीच खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, भले तो शेताच्या कच्च्या गल्लीसारख्या दिसणाऱ्या रस्त्यावरून येत असला तरी. बाहेर दुपदरी रस्त्यांवर साधारण ८० ची मर्यादा असते. काही पट्ट्यांत ९०, पाटी बघावी.

मुक्काम एकाच ठिकाणी करावा की फिरता?

एकाच ठिकाणी. फार तर दोन: चार रात्री सार्लाच्या आसपास, तीन काऑर किंवा काजार्कच्या बाजूला. रोज बॅगा भरणाऱ्यांचे इथे हाल होतात, कारण दुकानं आणि हॉटेलं दुपारी बंद होतात त्याच वेळी तुम्ही रस्त्यात असता.

कुटुंबासाठी 'जीत' म्हणजे स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारं घर परवडतं. जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात. भाड्यात चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई आणि पर्यटन कर धरलेला आहे का, हे तिन्ही वेगवेगळं विचारा. शनिवारी संध्याकाळी ताबा मिळतो आणि रविवारी दुपारनंतर किराणा मिळणं कठीण, म्हणून घराकडे वळण्याआधीच सुपरमार्केटमध्ये थांबा. तांदूळ, मसूर, भाज्या सहज मिळतात. हिंग, गोडा मसाला आणि हिरव्या मिरच्यांची सोय घरूनच केलेली बरी.

'शांब्र द'ओत' म्हणजे यजमानाच्या घरातली खोली, नाश्त्यासकट. तिथे रात्रीचं जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. आयत्या वेळी विचारलं तर नम्र नकार मिळतो.

कनूसाठी कोणता टप्पा निवडावा?

पहिल्यांदाच करत असाल तर सेनाक ते बेनाक, साधारण नऊ किलोमीटर, न थांबता दोन-सव्वादोन तास. वाटेत ला रोक-गाजाकची कड्याला चिकटलेली घरं, कास्तेलनोचा किल्ला आणि समोरच्या काठावर त्याचा जुना वैरी बेनाकचा किल्ला, सगळं पाण्यावरूनच दिसतं. पूर्ण दिवस असेल तर वित्राकहून सुरुवात करा, सुमारे सोळा किलोमीटर. वाटेत वाळूच्या पट्ट्यावर डबा खायला थांबून चार-पाच तास जातात.

कोलाडच्या कुंडलिकेतलं राफ्टिंग डोळ्यांसमोर असेल तर ते विसरा. हा प्रवाह संथ आहे. तरीही चुका ठरलेल्याच होतात, आणि बऱ्याचशा पुलांच्या खांबांजवळ.

– दिशा मागचा ठरवतो, पुढचा जोर लावतो. वजनदार आणि अनुभवी माणूस मागे बसवा. दोघेही दिशा द्यायला लागले की कनू आडवी होते.
– पुलाच्या शंभर मीटर आधीच कमान ठरवा आणि कनूचं नाक तिच्या मधोमध ठेवून वल्हवत राहा. वल्ही थांबवली की प्रवाह तुम्हाला खांबाकडे नेतो.
– खांबावर किंवा पडलेल्या झाडावर कनू आडवी आदळलीच, तर शरीर अडथळ्याच्या बाजूला झुकवा. दचकून उलट्या बाजूला झुकलं की त्या बाजूने पाणी आत शिरतं आणि बोट उलटते.
– उलटलात तर वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडांत अडकतो. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे. कनू तुमच्या खालच्या अंगाला असावी, वरच्या अंगाला नको. पाण्याने भरलेली कनू शेकडो किलोंची होते.

ऑगस्टमध्ये पाणी उतरतं आणि उथळ जागी तळ घासतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूने गेलात तर खोली मिळते. कंपनी एक झाकणाचा प्लास्टिकचा पिंप देते. त्यात मोबाइल आणि गाडीची किल्ली ठेवा, झाकणाचं कडं घट्ट बसलंय ना ते बोट फिरवून बघा आणि पिंप कनूला बांधा. सँडल चालतात, पण मागे पट्टा असलेले; चपला पहिल्याच उतरणीला वाहून जातात.

नोंदणी करताना एक प्रश्न जरूर विचारा: बस आधी की नंतर? काही कंपन्या तुम्हाला गाडीपाशी बोलावून बसने वरच्या टप्प्याला सोडतात, म्हणजे उतरलात की गाडी समोरच. काही शेवटच्या ठिकाणाहून परत आणतात, मग बसच्या वेळेची टांगती तलवार राहते. पहिली पद्धत चांगली.

पोहता येत नसेल तर?

कनू टाळा. किमान २५ मीटर पोहता यायला हवं आणि तसं तुमच्याकडून मान्य करून घेतलं जातं. लाइफ जॅकेट त्याला पर्याय नाही. लहान मुलांना साधारण पाच वर्षांपासून घेतात. पोहता न येणाऱ्यांसाठी ला रोक-गाजाकहून 'गाबार' सुटतात. पूर्वी लाकूड आणि वाइन बोर्दोकडे नेणाऱ्या सपाट तळाच्या बोटींच्या धर्तीवर बांधलेल्या, तासाभराच्या फेरीच्या.

पायवाटांवरच्या खुणा कशा वाचायच्या?

पांढरा-लाल दुहेरी पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची जीआर वाट. पिवळा-लाल म्हणजे प्रदेशाला वळसा घालणारी वाट. नुसता पिवळा म्हणजे गावातून निघून गावातच परतणारी काही तासांची फेरी. त्याच रंगांत फुली दिसली तर तो रस्ता तुमचा नाही. दहा मिनिटं चालूनही खूण दिसली नाही तर अंदाजाने पुढे जाऊ नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. जवळपास नेहमीच एक वळण सुटलेलं असतं. १:२५,००० प्रमाणाचे आयजीएन या सरकारी नकाशासंस्थेचे नकाशे मोबाइलवरही मिळतात. ते घरच्या वायफायवर उतरवून घ्या, दऱ्यांत नेटवर्क जातं.

जीआर ६५ ही स्पेनमधल्या सान्तियागो तीर्थक्षेत्राकडे जाणारी यात्रेकरूंची वाट. ती फिजाक, काजार्क, काऑर अशी या भागातून जाते. सगळी करायची गरज नाही, एखादा दिवस चालून बघता येतो. अर्ध्या दिवसाची आमची पसंती बुझिएस ते सें-सिर्क-लापोपी. लॉत नदीच्या काठाने बोटी दोरीने ओढणाऱ्यांसाठी चुनखडीच्या कड्यात कोरून काढलेली वाट आहे, डोक्यावर छतासारखा खडक आणि शेजारी पाणी. पुढे चढ चढून गावात. दरडीच्या भीतीने ती अधूनमधून बंद ठेवतात. निघण्यापूर्वी पर्यटन कार्यालयात विचारा आणि अडथळा लावलेला असेल तर ओलांडू नका.

'कोस' म्हणतात त्या चुनखडीच्या पठारावर पाणी नसतं. पाऊस सरळ जमिनीत मुरतो, त्यामुळे नकाशावरच्या निळ्या रेषा फसवतात. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर न्या. स्मशानभूमीच्या दाराशी बहुधा नळ असतो. 'ओ नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

शिकार, गोचिड्या वगैरेंची भीती कितपत?

शिकारीचा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी, रानडुकरांसाठी थोडा पुढे-मागे. वाटेवर 'शास आं कूर' असा फलक दिसला की हाका सुरू आहे, मागे फिरा. त्या महिन्यांत भडक नारिंगी किंवा पिवळं घाला, मातकट रंग नको.

गोचिडी वसंत ते शरद, गवताच्या उंचीवर. लांब पँट मोज्यांत खोचा, रात्री गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या पट्ट्याखाली तपासा. औषधाच्या दुकानात 'तीर-तीक' नावाचा छोटा आकडा मिळतो, त्याने अंगाशी धरून फिरवून काढा. तेल, स्पिरिट, आगकाडी काही लावू नका. चिडलेली गोचीड पोटातलं जखमेत सोडते. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टर गाठा.

आणीबाणीत ११२.

लास्को बघायला मिळतं का?

मूळ गुहा नाही. १९४० साली सापडलेली ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा लोकांच्या श्वासाने चित्रं बिघडू लागल्यामुळे १९६३ मध्ये बंद झाली. २०१६ पासून उघडलेली लास्को-४ ही पूर्ण प्रतिकृती आहे, उत्तम आहे, मुलांना आवडते. पण खऱ्या दगडावरचा खरा रंग पाहायचा असेल तर फों-द-गोम किंवा लॉतमधली पेश मेर्ल. दोन्हीकडे प्रवेश मोजका. पेश मेर्लला दिवसाला ७०० जण. तिकीट काही आठवडे आधी काढा. पादिराकची दरी वेगळी: १०३ मीटर खाली उतरून भूमिगत नदीत नावेने जायचं. सगळ्याच गुहांत बाराही महिने १२-१३ अंश, म्हणून बाहेर ऊन कितीही असो, एक जॅकेट बरोबर.

दुपारी दोनला जेवायला गेलो तर?

उपाशी राहाल. दुपारचं जेवण बारा ते दीड, रात्रीचं सात ते साडेआठ-नऊ. दीडनंतर आचारी भांडी आवरतो आणि हसतमुखाने 'नाही' म्हणतो. सोमवारी बरीच हॉटेलं बंद. दुपारचा 'मेन्यू द्यू जूर' रात्रीपेक्षा स्वस्त आणि अनेकदा ताजा असतो. 'कराफ द'ओ' मागितलं की नळाचं पाणी फुकट येतं, पावही फुकट. सेवाशुल्क बिलात असतं, टिप दिलीच पाहिजे असं नाही.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

अडचण होते, आणि ती आधी समजून घेतली तरच सुटते. या भागात तूप-तेलाच्या जागी बदकाची चरबी आहे. 'पॉम सार्लादेज' हे बटाटे दिसायला निर्मळ, पण त्याच चरबीत परतलेले. 'तुरें' हे लसणीचं सूप बहुधा त्याच चरबीवर फोडणीला टाकलेलं. सॅलडमध्ये 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा 'जेझिए' म्हणजे बदकाच्या पोटातला मांसल भाग. 'मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही. 'सां व्यांद, सां लार्दों, सां ग्रेस द कानार' असं तिन्ही म्हणा, म्हणजे मांस, लार्दों, बदकाची चरबी नको.

चीजबद्दलही: नाव संरक्षित असलेली पारंपरिक चीज बहुतांशी वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, विरजतात. ते चालत नसेल तर सुपरमार्केटमध्ये वनस्पतिज रेनेटचा उल्लेख असलेलं पाकीट शोधावं लागेल.

व्यवहार्य मार्ग असा: दुपारी बाजारातलं घेऊन नदीकाठी खायचं, रात्री जीतमध्ये शिजवायचं आणि आठवड्यातून एक-दोनदा आधी फोन करून हॉटेलात जायचं. आदल्या दिवशी कळवलं तर अंडी, मशरूम, भाज्यांचं काहीतरी नीट करून देतात. आयत्या वेळी ऑम्लेटच मिळतं. जैन जेवण मागणं व्यर्थ, लसणीशिवाय इथे चूल पेटत नाही.

'कोंफी' डब्यात मिळतं, ते घरी कसं गरम करायचं?

मीठ लावून बदकाच्याच चरबीत मंद शिजवलेल्या तंगड्या म्हणजे कोंफी. डबा उघडून पंधरा मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवा, चरबी पातळ होऊ द्या, मग तंगड्या अलगद काढा. थंड असताना ओढल्या तर मांस हाडावरून सुटतं. ओव्हन १८० अंशांवर, कातडी वर, वीस-पंचवीस मिनिटं. मीठ आधीच भरपूर असतं, वरून घालू नका.

उरलेल्या चरबीत बटाटे. चार जणांना एक किलो, चिकट जातीचे ('शेर फेर्म' लिहिलेले), ३-४ मिलिमीटरच्या चकत्या. धुऊन कापडाने अगदी कोरड्या करा, नाहीतर तळल्या न जाता उकडतात. मोठ्या तव्यात तीन मोठे चमचे चरबी, मध्यम आच, वीस-पंचवीस मिनिटं. सारखं हलवू नका, कड धरू द्या, मग उलटा. बारीक चिरलेली लसूण आणि पार्सली शेवटच्या दोन मिनिटांतच. आधी टाकलेली लसूण करपून सगळं कडू करते.

बाजारातून नेमकं काय घ्यावं?

सार्लाचा बाजार बुधवारी सकाळी आणि शनिवारी. साडेनऊच्या आत पोहोचा. रोकामादूर चीज ही बकरीच्या कच्च्या दुधाची ३५ ग्रॅमची छोटी चकती. खाण्यापूर्वी तासभर फ्रिजबाहेर ठेवा, मग ती सायीसारखी मऊ होते. 'फेर्मिए' लिहिलं असेल तर शेतावरच केलेली.

अक्रोडाचं तेल घ्या, पण लहान बाटली. लिटरभर तेलाला साधारण दोन किलो गर लागतो, म्हणून स्वस्त मिळालं तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं आहे का ते लेबलवर बघा. ते तापवायचं नसतं, कडवटपणा येतो. कोशिंबिरीवर कच्चंच घाला. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा.

काळं ट्रफल फक्त हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. लालबेंकचा बाजार मंगळवारी दुपारी भरतो. उन्हाळ्यात 'ट्रफल' म्हणून मिळतं ती वेगळी, फिक्या वासाची जात. आणि ट्रफल-तेलातला भपकारा बहुधा प्रयोगशाळेतला, त्यावर पैसे घालवू नका.

काऑरची वाइन 'काळी' का म्हणतात?

रंगामुळे. या नावाने फक्त लाल वाइन विकता येते आणि तिच्यात किमान ७० टक्के माल्बेक जातीचं द्राक्ष असावं लागतं; उरलेलं मेर्लो किंवा तान्ना. माल्बेकची साल रंगाने गडद आणि टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, भरलेली. अर्जेंटिनाने ते द्राक्ष जगभर नेलं, मूळ घर इथलं. १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत इथले बहुतेक मळे मेले, ते पुन्हा लावून १९७१ मध्ये नाव संरक्षित झालं.

नदीकाठच्या खालच्या पायऱ्यांवरची वाइन लवकर पिण्याजोगी, फळांच्या चवीची. वरच्या चुनखडीच्या पठारावरची ताठ, वर्षानुवर्षं ठेवण्याजोगी. घेताना विचारा ती कुठली आणि कधी प्यायची. तरुण बाटली असेल तर दीड-दोन तास आधी काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. १६ ते १८ अंशांवर प्या. बदकाच्या चरबीला ही वाइन चोख कापते. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र नको, टॅनिन आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात.

गोड हवी असेल तर बेर्जराकजवळची मोंबाझियाक. सकाळच्या धुक्याने द्राक्षांवर एक बुरशी येते, ती पाणी शोषून साखर दाट करते. घड सगळे एकदम पिकत नाहीत, म्हणून हाताने अनेक फेऱ्यांत तोडणी. ८-१० अंशांवर, निळ्या चीजबरोबर.

वाइनघरी चव घ्यायला तसंच जाता येतं का?

लहान मळ्यांवर आदल्या दिवशी फोन करा. बारा ते दोन कोणीही दार उघडणार नाही. चव अनेकदा फुकट असते. कुटुंबाने तासभर दिला असेल तर एक-दोन बाटल्या घेणं हा शिष्टाचार. थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काहीच कमीपणा नाही, मळेवाला स्वतःही तेच करतो. सप्टेंबर-अखेरीस तोडणीत सगळे गुंतलेले असतात, तेव्हा काऑर शहरातल्या किंवा सहकारी संस्थेच्या दुकानात जा.

नाशिकची सवय असलेल्यांसाठी: आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. इथे फेब्रुवारीत वेली नुसत्या काटक्या असतात.

चव घेऊन गाडी चालवली तर?

मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम, नव्या परवान्याला ०.२. पूर्ण दोन पेले झाले की बहुतेकांची ती गाठली जाते. खेड्याच्या वाटेवरही तपासणी होते. चालक आधी ठरवा. त्याने थुंकायचं किंवा प्यायचंच नाही.

भारतात परत काय आणता येईल?

माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि थोडी जागा शिल्लक. मोठ्या बॅगेत, प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग जीन्समध्ये गुंडाळून मधोमध. अक्रोडाचं तेलही मोठ्या बॅगेतच, हातातल्या बॅगेत अडवतील. मांस आणि दुधाचे पदार्थ सीमाशुल्काच्या अर्जावर जाहीर करावे लागतात, म्हणून कोंफी आणि चीज तिथेच खाऊन संपवा. फ्वा ग्रा, म्हणजे नळीने बळजबरी भरवलेल्या बदकाचं किंवा हंसाचं यकृत, याच्या आयातीवर भारताने २०१४ पासून बंदी घातली आहे. शोभेच्या डब्यातलं असलं तरी घेऊ नका.